गाळाच्या द्रोण्यांतील भूसंरचना आणि खनिज तेल-वायूचा संचय : 'अपनती' या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन स्तरावर खनिज तेल हा घटक शिकविताना फळ्यावर बहुधा एक ठरलेली आकृती काढली जाते. कमानीसारखे वाकलेले थर, कमानीच्या माथ्याशी वायू, त्याखाली तेल, तेलाखाली पाणी आणि माथ्यातून उतरलेली एक उभी रेघ म्हणजे विहीर. भूगोल व भूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही हीच आकृती थोड्याफार फरकाने आढळते. ती चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तिच्यातून जो अर्थ विद्यार्थी घेऊन जातो तो असा की, जेथे खडकांना अपनती म्हणजे कमान आहे तेथे तेल आहे, आणि तेल म्हणजे जमिनीखालचे एखादे तळे होय. हे दोन्ही अर्थ तपासून पाहण्यासारखे आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर देशातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र आहे, आणि त्याच महाराष्ट्राचा बहुतांश भाग अग्निजन्य बेसॉल्टने झाकलेला असल्याने त्याखाली काय दडले आहे याविषयी अधूनमधून आशा व्यक्त होत असते. सोलापूर, पंढरपूर या परिसरात अध्यापन करणाऱ्यांना म्हणूनच हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. प्रस्तुत लेखात अपनती-सिद्धान्ताचे बळ व त्याच्या मर्यादा मुंबई हायच्या उदाहरणावरून तपासून, तीच कसोटी दख्खनच्या पठाराला लावण्याचा प्रयत्न केला आहे.

अपनती-सिद्धान्ताची वाटचाल :

कॅनडामध्ये १८४० च्या दशकात विल्यम लोगन यांनी तेलाचे पाझर आणि थरांच्या कमानी यांच्यातील संबंधाची नोंद केली. स्टेरी हंट यांनी १८६१ मध्ये त्याला सिद्धान्ताचे रूप दिले आणि अमेरिकेत आय. सी. व्हाइट यांनी १८८५ च्या सुमारास नैसर्गिक वायूच्या शोधासाठी तो प्रत्यक्ष वापरून दाखविला. त्यामागील तत्त्व साधे आहे. सच्छिद्र खडकातील पोकळ्या मुळात पाण्याने भरलेल्या असतात. तेल पाण्यापेक्षा हलके आणि वायू तेलापेक्षाही हलका, म्हणून दोन्ही वरच्या दिशेने सरकतात. वरचा खडक अपार्य असेल तर ती वाट अडते आणि कमानीचा माथा हे अडण्याचे स्वाभाविक ठिकाण ठरते.

या सिद्धान्ताने तेलशोधाला दैवाच्या हवाली असलेल्या उद्योगातून शास्त्राच्या कक्षेत आणले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. भारतातही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आसामातील दिग्बोई आणि १९६० मध्ये गुजरातेतील अंकलेश्वर ही क्षेत्रे अपनतींवरच सापडली. पण यशाचा एक दुष्परिणाम असा झाला की, सिद्धान्ताची एक बाजू तेवढी लक्षात राहिली. लोगन व व्हाइट यांनी सांगितले ते 'तेल असेल तर कोठे अडेल' एवढेच होते. 'तेल असेल का' या प्रश्नाला अपनती उत्तर देत नाही. आकाराची ही भाषा पुढे पुराव्याच्या भाषेसारखी वापरली जाऊ लागली.

मुंबई हाय : आकार आणि इतिहास

मुंबईच्या पश्चिम-वायव्येस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, सुमारे ७५ मीटर खोल पाण्याखाली असलेली ही संरचना १९६३-६४ च्या सुमारास 'अकॅडेमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजाने केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणात प्रथम लक्षात आली. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाकडे तेव्हा समुद्रात विहीर खोदण्याचे साधन नव्हते. पुढे अधिक तपशीलवार सर्वेक्षण झाले, जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' ही खोदाई नौका आली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटानंतर अवघ्या काही महिन्यांनी हे घडले, त्यामुळे त्याचे राष्ट्रीय पातळीवर स्वागत झाले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास ते वर्षाला सुमारे दोन कोटी टनांपर्यंत पोहोचले.

वरवर पाहता अपनती-सिद्धान्ताचा याहून मोठा विजय दाखविता येणार नाही. उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय अशी पसरलेली, सुमारे ६५ किलोमीटर लांब व २३ किलोमीटर रुंद, दोन्ही टोकांना उतरती आणि पूर्वेला विभंगांनी तुटलेली ही प्रचंड अपनती आहे. सर्वेक्षणात ती दिसली, खोदली, तेल निघाले. मात्र या संरचनेचा इतिहास पाहिला की चित्र बदलते.

पहिली गोष्ट अशी की, पाठ्यपुस्तकातील अपनती दाबामुळे घडी पडून तयार होते, मुंबई हाय तशी नाही. तिच्या तळाशी प्राचीन रूपांतरित खडक व दख्खन ट्रॅप यांचा एक उंचवटा आहे. पॅलिओसीन व इओसीन काळात हा उंचवटा बराच काळ समुद्राबाहेर किंवा त्याच्या काठाशी होता, तर भोवतालचे खोलगट भाग गाळाने भरत होते. ऑलिगोसीनच्या अखेरीस आणि मायोसीनच्या आरंभी समुद्राने त्याला झाकले व उथळ, स्वच्छ पाण्यात त्यावर चुनखडक साचला. बैठकीवर चादर टाकावी तसे हे थर उंचवट्यावर पसरले. बाजूच्या जाड गाळाचे आकुंचन अधिक आणि माथ्यावरच्या पातळ गाळाचे कमी झाल्याने कमान आणखी ठळक झाली. म्हणजे येथील संरचना ही नंतर घडलेली घटना नसून गाळ साचण्याच्या प्रक्रियेतच ती सामील होती. कोणता खडक कोठे तयार होणार हे तिनेच ठरविले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मुंबई हायवरील तेल मुंबई हायवर तयार झालेले नाही. तेल तयार होण्यासाठी सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा चिखल हवा, तो ऑक्सिजनविरहित स्थितीत गाडला जायला हवा आणि पुढे साधारणतः ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानाला दीर्घकाळ शिजायला हवा. याहून अधिक उष्णतेत द्रव तेलाऐवजी वायू उरतो. उंचवट्याच्या माथ्यावर एवढा जाड गाळ कधी नव्हताच. तो होता शेजारच्या सखल भागांत, विशेषतः सुरत खोलगटात, जेथे पन्ना समूहातील शेल खडक पुरेसे खोल गाडले गेले. तेथे जन्मलेले तेल थरांच्या उतारावरून आणि विभंगांच्या वाटेने उंचवट्याकडे सरकले. 'हाय' या नावाने उंचवटा प्रसिद्ध झाला खरा, पण त्याचे वैभव शेजारच्या खोलगटाच्या जिवावर उभे आहे. ठरलेल्या आकृतीत हा खोलगट येतच नाही, कारण ती कमानीच्या दोन पायांपाशी संपते.

तिसरी गोष्ट साठवण खडकाची. येथील मुख्य उत्पादक थर एल-३ या नावाने ओळखला जाणारा आरंभिक मायोसीन काळातील चुनखडक आहे. चुनखडक जात्याच सच्छिद्र असतो असे नाही. मायोसीन काळात समुद्रपातळी वारंवार खाली-वर होत असताना उंचवट्यावरचा चुनखडक मधूनमधून उघडा पडला, गोड्या पाण्याने त्यातील शंख-शिंपल्यांचे अवशेष विरघळले आणि पोकळ्या निर्माण झाल्या. उंचवटा होता म्हणून तो उघडा पडला आणि उघडा पडला म्हणून तो साठवण खडक झाला. त्यानंतर मध्य मायोसीनपासून नद्यांनी आणलेल्या बारीक गाळाचे जाड शेल त्यावर साचले आणि झाकण बसले. सुरत खोलगटातून तेल मोठ्या प्रमाणावर निघू लागले तेव्हा उंचवटा आपल्या जागी होता, ही कालसंगतीही येथे जुळून आली.

मुंबई हाय आणि किनारा यांच्या मध्ये असलेले वसई (बसीन) वायुक्षेत्र हीच गोष्ट वेगळ्या पद्धतीने सांगते. तेथील वायू प्रामुख्याने मध्य इओसीन काळातील चुनखडकात आहे आणि त्या खडकाची साठवणक्षमता त्याच्या माथ्यावरील विसंगतीशी, म्हणजे तो झिजून-विरघळून गेल्याच्या काळाशी, जोडलेली आहे. उत्तरेकडील तापी-दमण भागात वालुकाश्माच्या भिंगासारख्या थरांना महत्त्व आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून दक्षिणेस वेंगुर्ला कमानीपर्यंत पसरलेल्या एकाच द्रोणीत सापळ्यांचे इतके प्रकार असताना, तिचे वर्णन एका अपनतीच्या आकृतीने करणे अपुरे आहे.

प्रतिकूल पुरावे :

कोणत्याही सिद्धान्ताची परीक्षा त्याला अनुकूल उदाहरणांनी पूर्ण होत नाही. अपनती-सिद्धान्तापुढे दोन दिशांनी अडचणी उभ्या राहिल्या आहेत.

पहिली, अपनती नसताना तेल मिळणे. १९३० मध्ये सापडलेले पूर्व टेक्सासचे क्षेत्र हे याचे ठळक उदाहरण. त्या भागात मनाजोगती अपनती दिसत नसल्याने अनेक जाणत्या भूशास्त्रज्ञांनी व मोठ्या कंपन्यांनी त्याकडे पाठ फिरविली होती. प्रत्यक्षात सबीन उंचवट्याकडे चढत जाणारा वुडबाइन वालुकाश्म पूर्वेला पातळ होत नाहीसा होतो आणि त्या कडेला तेल अडले आहे. या क्षेत्रातून आजवर पाचशे कोटी बॅरलहून अधिक तेल निघाले. पुढे १९३६ मध्ये लेव्हर्सन यांनी अशा सापळ्यांना 'स्तरीय सापळा' ही संज्ञा दिली. भारतात कृष्णा-गोदावरी द्रोणीच्या खोल समुद्रात २००२ मध्ये सापडलेला वायू हा प्राचीन सागरी प्रवाहमार्गांत साचलेल्या वाळूत होता, आणि राजस्थानातील बाडमेर येथे २००४ मध्ये मिळालेले मंगला क्षेत्र कललेल्या विभंग-खंडावर आहे. यांपैकी एकही ठरलेल्या आकृतीत बसत नाही.

दुसरी अडचण अधिक बोलकी आहे : उत्तम संरचना असूनही तेल नसणे. अलास्काच्या उत्तरेस ब्यूफोर्ट समुद्रात मकलक नावाची भव्य संरचना होती. जवळच १९६८ मध्ये प्रुडो बे हे महाक्षेत्र सापडलेले. जनक खडक ठाऊक, साठवण खडक ठाऊक, आकार तर अप्रतिम. समुद्रात कृत्रिम बेट उभारून १९८३ मध्ये विहीर खोदण्यात आली. भाडेपट्ट्यांच्या रकमांसह हा खटाटोप दीड अब्ज डॉलरच्या घरात गेला. खडकात तेलाचे डाग होते, तेल नव्हते, पाणी होते. तेल एकेकाळी तेथे होते आणि पुढे प्रदेश कलल्याने किंवा झाकण सदोष असल्याने निसटले, असा त्याचा अर्थ लावला जातो. संरचना आजची दिसते, पण तेलाचा प्रवास कालचा असतो. भूकंपीय नकाशा हा आजच्या स्थितीचा नकाशा आहे आणि त्यात हा काळ वाचता येत नाही.

या अनुभवांतून मॅगून आणि डाऊ यांनी १९९४ मध्ये सुसूत्रपणे मांडलेली 'पेट्रोलियम प्रणाली' ही संकल्पना रूढ झाली. जनक खडक, साठवण खडक, आच्छादक खडक व वरचा भार हे घटक, आणि सापळ्याची निर्मिती व तेलाची निर्मिती-स्थलांतर-संचय या प्रक्रिया, योग्य क्रमाने एकत्र आल्या तरच संचय होतो, असे ती सांगते. तीन दशके उलटूनही आपल्याकडील पदवी स्तरावरील मराठी लेखनात तिचा पुरेसा शिरकाव झालेला दिसत नाही, ही खेदाची बाब आहे. परिभाषेची गैरसोय हे कारण पुढे केले जाईल. अपनतीला काही ठिकाणी विमुखनती, काही ठिकाणी ऊर्ध्ववली म्हटले जाते आणि जनक खडकाला सर्वमान्य शब्दच नाही. ते कारण काही अंशी खरेही आहे. पण शब्द नसतो तेथे बहुधा संकल्पनेची गरजच भासलेली नसते, हेही तितकेच खरे.

'तेलाचे तळे' या कल्पनेचा येथे थोडा उल्लेख करणे योग्य ठरेल. मुंबई हायवरील एल-३ हा एकसंध थर नाही. शेलच्या पातळ पट्ट्यांनी वेगळे झालेले त्याचे अनेक उपथर आहेत आणि त्यांची पार्यता सारखी नाही. तेल ढकलण्यासाठी आत सोडलेले पाणी अधिक पार्य उपथरांतून झपाट्याने पुढे जाते व कमी पार्य उपथरांतील तेल मागे राहते. अपनतीने तेल कोठे आहे हे सांगितले, पण त्यातील किती हाती येईल हे या बारीक थरांनी ठरविले. म्हणूनच २००० च्या दशकाच्या आरंभापासून या क्षेत्राच्या पुनर्विकासाच्या योजना राबवाव्या लागल्या आणि २०२५ मध्ये उत्पादनवाढीसाठी बीपी या विदेशी कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेण्यात आले. पंढरपूर परिसरातील विहीर खोदणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. काळ्या पाषाणात पाणी लागत नाही, ते मुरमाड थरात, मांजऱ्यात किंवा फटीत लागते, हे तो जाणतो.

दख्खन ट्रॅपखालील प्रश्न :

आता हीच कसोटी पठाराला लावून पाहू. देशातील २६ गाळाच्या द्रोण्यांच्या अधिकृत यादीत 'दख्खन सिनेक्लाइज' या नावाने महाराष्ट्राच्या मोठ्या भागाचा समावेश होतो. सिनेक्लाइज म्हणजे विस्तीर्ण, मंद उताराचा खोलगट प्रदेश. म्हणजे येथेही नाव आकारावरून पडले आहे, आणि ज्या गाळामुळे द्रोणीला द्रोणी म्हणायचे तो गाळ मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांखाली झाकलेला. बेसॉल्टमध्ये भूकंपीय लहरी विखुरतात, त्यामुळे खालचे चित्र धूसर येते. गुरुत्वीय व विद्युत-चुंबकीय पद्धतींनी मिळणारे निष्कर्ष एकाहून अधिक अर्थांना वाव देतात. अशा स्थितीत 'ट्रॅपखाली तेल' हे विधान करणे जितके सोपे, तितकेच ते खोडून काढणे अवघड.

तरीही काही ठिकाणी प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध आहे. सौराष्ट्रातील लोधिका येथे खोल विहिरीत ट्रॅपखाली मेसोझोइक काळातील गाळाचे खडक आढळले, आणि नर्मदा-तापी पट्ट्यातही असे खडक असल्याचे भूभौतिक सर्वेक्षणांवरून मानले जाते. महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरील आशेला त्यामुळे आधार आहे. दक्षिणेकडे मात्र चित्र वेगळे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे खोदलेल्या ६१७ मीटर खोल छिद्रात ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि लगेच आर्कियन काळातील स्फटिकमय तळखडक लागला. कोयना परिसरात रासाटी येथे सुमारे ९३० मीटर बेसॉल्टनंतर थेट ग्रॅनाइट-नाइस आढळला, मध्ये गाळ नाहीच. पंढरपूर या दोन ठिकाणांच्या मधल्या पट्ट्यात येते. दोन छिद्रांवरून मधल्या तीनशे किलोमीटरचा निर्णय देता येत नाही, पण जो कोणी तेथे जाड गाळाची द्रोणी असल्याचे मांडील, पुराव्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

आग्नेयेकडून येणारा एक पुरावा मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. सोलापूर जिल्ह्यातील घराघरांत बसविलेली शहाबादी फरशी हा गाळाचाच खडक आहे. तो कर्नाटकातील भीमा द्रोणीतला, प्राग्जीव महाकल्पातील चुनखडक होय. या द्रोणीला भीमा नदीचेच नाव आहे आणि तिची वायव्य बाजू दख्खन ट्रॅपखाली शिरून दिसेनाशी होते. ती किती आत येते हा खरा अभ्यासविषय आहे. परंतु येथेही आकार पुरेसा नाही. इतका प्राचीन खडक तेल देऊच शकत नाही असे म्हणणे बरोबर होणार नाही. ओमान व सैबेरियात त्या वयाच्या आसपासच्या खडकांतून तेल मिळते. अडचण वयाची नसून जाडीची आहे. भीमा समूहाची ज्ञात जाडी सुमारे तीनशे मीटर भरते. सेंद्रिय द्रव्य शिजण्यासाठी लागणारा दोन-तीन किलोमीटरचा भार या गाळाने स्वतः पुरविलेला दिसत नाही. वरून आलेल्या लाव्हाने काही भार व उष्णता दिली असेल, पण मुळात जनक खडक कोणता या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय त्या भाराला अर्थ नाही. आर्थिकदृष्ट्या या द्रोणीने आजवर लक्ष वेधले ते चुनखडकामुळे आणि गोगी येथील युरेनियममुळे.

बेसॉल्टमध्ये तेल असूच शकत नाही, असा याच्या उलट टोकाचा समजही वर्गात ऐकू येतो. तोही टिकत नाही. गुजरातेतील वडोदऱ्याजवळच्या पादरा क्षेत्रात दख्खन ट्रॅपच्या भेगा व झिजलेल्या भागांतून तेल काढले जाते, आणि मुंबई हायवरही तळखडकाच्या भेगांत तेल मिळाले आहे. खडक तोच, काळाही तोच. फरक आहे तो क्रमाचा. खंबायत द्रोणीत ट्रॅप तळाशी आहे आणि त्याच्यावर व बाजूला इओसीन काळातील खंबायत शेल हा समृद्ध जनक खडक आहे. ट्रॅपचे उंचावलेले खंड या शेलच्या पातळीपर्यंत किंवा वर आल्यामुळे शेलमधील तेल त्यांच्या भेगांत शिरू शकले आणि वरच्या शेलनेच त्याला झाकले. पंढरपूरच्या ट्रॅपमध्येही भेगा आहेत, झिजलेले थर आहेत, पण त्याच्यावर इओसीनचा समुद्र कधी आला नाही. तेथे ट्रॅपवर थेट भीमेचा गाळ आणि काळी माती आहे.